किडीचा हिशेब वाफेच्या वहीत

चंदीगडमध्ये सेक्टर १७ च्या बसस्थानकासमोरचा रस्ता ओलांडला की सेक्टर २२ लागतो. या नियोजित शहरातील सर्वांत आधी वसलेल्या वस्त्यांपैकी ही एक. तिच्या आखणीत जेन ड्र्यू आणि मॅक्सवेल फ्राय या वास्तुविशारद दांपत्याचा मोठा वाटा होता, आणि फ्राय यांनी उभारलेले किरण चित्रपटगृह अजून तेथे उभे आहे. ऊस-कीड व्यवस्थापनावरील एका बैठकीसाठी जानेवारीत मी तेथे गेले, तेव्हा याच सेक्टरमधील एका साध्या निवासात आमची सोय होती. सकाळी दाट धुके असे. धुक्यातही एक गोष्ट लांबून दिसे, ती म्हणजे कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याच्या कढईतून उठणारा वाफेचा पांढरा खांब. दूध आटत असे आणि त्याची उष्णता सरळ आकाशात जात असे.

त्या कढईशेजारी चहा घेताना सांगली जिल्ह्यातील एक निवृत्त अभियंता माझ्यासोबत होते. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी सहकारी साखर कारखान्यांच्या बॉयलिंग हाऊसमध्ये काढला आहे. माझ्या हातात एका प्रकल्प-प्रस्तावाचा मसुदा होता. कांडी किडीविरुद्ध वापरायच्या ट्रायकोकार्डांचा अर्धा खर्च साखर कारखान्यांनी उचलावा, अशी मागणी त्यात होती, आणि तिच्या समर्थनार्थ मी एक वाक्य लिहिले होते : ‘किडींच्या प्रादुर्भावामुळे रस पातळ होतो व कारखान्याचा वाफेचा वापर वाढतो.’ हे वाक्य मी गेली दहा-बारा वर्षे या ना त्या अहवालात लिहीत आले आहे. साहेबांनी ते वाचले, कागद परत दिला आणि विचारले, “मॅडम, किती वाढतो?”

मला उत्तर देता आले नाही. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला नुकसानीची टक्केवारी, आर्थिक नुकसान पातळी, सांख्यिकीय फरक हे सारे शिकवलेले असते, पण वाफ कशी मोजतात हे कोणी शिकवत नाही. प्रश्न मात्र रास्त होता. कारखान्याच्या संचालक मंडळासमोर हा प्रस्ताव गेला असता तर तेथील चीफ केमिस्टने हाच प्रश्न विचारला असता, आणि उत्तर नाही म्हटल्यावर चांगल्या मागणीवरही पाणी पडले असते. पुढचा तासभर त्या चहाच्या टेबलावर, मसुद्याच्याच कोऱ्या पाठीवर, साहेबांनी मला जो हिशेब शिकवला तो येथे मांडत आहे. आपल्या वाचकांपैकी अनेक जण एखाद्या कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक अहवालात ‘वाफ वापर, उसाच्या शेकडा प्रमाणात’ असा रकाना त्यांनी पाहिला असेल. तो आकडा कोठून येतो हे कळल्यास तो वाचताना अधिक अर्थ लागेल.

सुरुवात कढईपासूनच करू. एक किलो पाणी ३५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ६५ किलोकॅलरी लागतात. तेच पाणी १०० अंशांवर असताना त्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे आठपटींहून जास्त. ही उष्णता नष्ट होत नाही, ती वाफेत दडून राहते आणि वाफ पुन्हा पाणी झाली की तितकीच परत मिळते. मिठाईवाल्याच्या कढईत ती परत घ्यायची काही सोय नाही. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातही नाही. चुलवाणात चिपाड जळते, काहिलीत रस उकळतो, गुळव्या पाकाची परीक्षा घेतो, आणि वाफ छपरातून निघून जाते. खोवा असो की गूळ, एका उष्णतेतून एकदाच काम होते. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मोरिंड्याच्या दिशेने शेतपाहणीला जाताना रस्त्याकडेला गुळाचे वेलणे दिसले. तेथेही हीच गोष्ट होती, फक्त गुळाचा रंग आणि भाषा निराळी.

त्या दडलेल्या उष्णतेला दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा कामाला लावण्याची उद्योगात टिकलेली रचना नॉर्बर्ट रिलियू या अभियंत्याने केली. १८०६ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेला हा कृष्णवंशीय मुक्त नागरिक पॅरिसमध्ये शिकला आणि १८४३ मध्ये त्याने आपल्या बाष्पन-यंत्रणेचे अमेरिकी पेटंट घेतले. तोवर लुइझियानातील मळ्यांवर उघड्या कढयांच्या रांगेतून उकळता रस पळ्यांनी पुढच्या कढईत ओतला जाई आणि हे भाजून काढणारे काम गुलाम करत. रिलियूने कढया बंद केल्या आणि एकीची वाफ दुसरीच्या चुलीत घातली. आज साखरेखेरीज दूध पावडर, कागद, मीठ अशा कितीतरी उद्योगांत त्याचेच तत्त्व चालते.

एका भांड्याची वाफ दुसरे भांडे कशी उकळवील, ही शंका मलाही आली. १०० अंशांची वाफ १०० अंशांवर उकळणाऱ्या रसाला उष्णता देऊ शकत नाही, कारण उष्णता वाहायला तापमानात फरक हवा. युक्ती दाबात आहे. साहेबांनी उत्तरेकडे, धुक्यात बुडालेल्या डोंगरांच्या दिशेने बोट दाखवले. शिमला सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे ९३ अंशांवरच उकळते. कारखान्यात डोंगर चढायची गरज नसते. बंद भांड्यातील हवा काढून दाब उतरवला की तेच साधते. पहिल्या भांड्यात, म्हणजे कारखान्याच्या भाषेत पहिल्या ‘बॉडी’त, रस ११० अंशांच्या आसपास उकळतो. त्याची वाफ दुसऱ्या बॉडीच्या नळ्यांभोवती सोडतात, जेथे दाब कमी आणि उत्कलनबिंदूही कमी असतो. असे उतरत उतरत शेवटच्या बॉडीत, निर्वातात, रसाची वाफ सुमारे ५५ अंशांवर निघते आणि कंडेन्सरमध्ये जाऊन थंड होते. चार बॉडींच्या संचाला ‘क्वाड’ आणि पाचांच्या संचाला ‘क्विंट’ म्हणतात.

रिलियूचा पहिला नियम यातूनच निघतो : जितक्या बॉडी, तितके किलो पाणी एका किलो वाफेने उडते. प्रत्यक्षात उष्णतागळती आणि इतर कारणांनी थोडे कमी उडते, पण कागदावरच्या हिशेबाला हा नियम पुरतो.

आता आकडे. शंभर टन ऊस गाळला असे धरू. मिलमध्ये चोथ्यावर शिंपडलेले पाणी धरून आणि निवळण झाल्यावर साधारण १०५ टन स्वच्छ रस बाष्पनासाठी येतो. त्याचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचे शेकडा वजन, १४ मानू. शेवटच्या बॉडीतून बाहेर पडणाऱ्या दाट रसाचा, सिरपचा, ब्रिक्स ६० हवा. घन पदार्थ तितकेच राहतात, उडते ते पाणी. म्हणून सूत्र सरळ आहे :

उडवायचे पाणी = रसाचे वजन × (१ − रसाचा ब्रिक्स ÷ सिरपचा ब्रिक्स)

म्हणजे १०५ × (१ − १४ ÷ ६०) = ८०.५ टन. शंभर टन उसामागे ऐंशी टन पाणी! काहिलीत हे उडवायचे झाले असते तर ऐंशी टन वाफेइतकी उष्णता लागली असती. क्वाडमध्ये चाराने भागायचे : २०.१ टन. क्विंटमध्ये पाचाने : १६.१ टन.

पण कारखान्याला वाफ केवळ येथेच लागत नाही. मिलमधून आलेला रस निवळण्यापूर्वी सुमारे ३५ अंशांपासून १०२ अंशांपर्यंत तापवावा लागतो. रसाची विशिष्ट उष्णता ०.९ धरली तर १०५ टनांसाठी जवळजवळ ६३ लाख किलोकॅलरी, म्हणजे गळती धरून १२ टन वाफ. पुढे सिरपपासून साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनमध्ये आणखी पाणी उडवायचे असते. पॅन एकट्याने काम करतो, त्याची वाफ पुढे कोणाला देता येत नाही, कारण ती थेट कंडेन्सरला जाते. येथे १८ टन वाफ धरू. ही सारी वाफ टर्बाइनमधून काम करून बाहेर पडलेली, ‘एक्झॉस्ट’, घेतली तर क्वाड असलेल्या कारखान्याची बेरीज २०.१ + १२ + १८ = ५०.१ टन होते. वार्षिक अहवालात ‘वाफ वापर ५० टक्के’ असे जे छापले जाते, ते हे.

क्वाडचे क्विंट केले तर चार टन वाचतात आणि ४६.१ टन लागते. येथे साहेब थांबले आणि म्हणाले, “आता खरी गंमत बघा.” रस तापवायला आणि पॅनला ताजी एक्झॉस्ट वाफ कशाला हवी? पहिल्या आणि दुसऱ्या बॉडीतून निघालेली वाफ त्यासाठी पुरेशी गरम असते. तीच वळवून घेतली तर? याला ‘व्हेपर ब्लीडिंग’ म्हणतात. हा रिलियूचा दुसरा नियम : पाच बॉडींच्या संचात पहिल्या बॉडीतून जितकी वाफ वळवाल तिचा एक-पंचमांश वाचतो, दुसरीतून वळवाल तिचा दोन-पंचमांश. ती वाफ वळवली जाण्यापूर्वी एकदा किंवा दोनदा पाणी उडवून आलेली असते, म्हणून.

पॅनची १८ टन पहिल्या बॉडीतून आणि हीटरची १२ टन दुसरीतून घेतली असे मानून बॉडीनिहाय हिशेब केला. शेवटच्या तीन बॉडींत प्रत्येकी ७.७ टन पाणी उडते. दुसरीत १२ जास्त, म्हणजे १९.७. पहिलीत आणखी १८ जास्त, म्हणजे ३७.७. पाचांची बेरीज ८०.५ जुळते. पहिल्या बॉडीला द्यायची ३७.७ टन एक्झॉस्ट हीच आता साऱ्या कारखान्याची गरज, कारण हीटर आणि पॅन तिच्यातूनच भागले. ५०.१ वरून ३७.७. त्यातील क्विंट केल्याने वाचले ४, ब्लीडिंगने ८.४.

या आकड्यांवर साहेबांची एक टिप्पणी मला पटली. पाचवी बॉडी दिसते, तिच्यासमोर नारळ फोडता येतो, अहवालात छायाचित्र छापता येते. ब्लीडिंगचे पाइप दिसत नाहीत. म्हणून अनेक ठिकाणी पाचवी बॉडी आधी आली आणि पाइप मागाहून. अर्थात ब्लीडिंगलाही किंमत आहे. निम्मे पाणी पहिल्याच बॉडीत उडायचे असल्याने तिचे तापन-क्षेत्रफळ मोठे लागते. शिवाय बॉडी वाढवल्याने वाफ वाचते, क्षमता वाढत नाही, हा गैरसमजही दूर व्हायला हवा. १२० अंशांची एक्झॉस्ट आणि ५५ अंशांची शेवटची वाफ यांतला ६५ अंशांचा उतार ठरलेला आहे. दाट रस पाण्यापेक्षा काहीसा वरच्या तापमानाला उकळतो, त्यात काही अंश जातात. उरलेले पंचावन्न अंश चारांत वाटायचे की पाचांत, एवढाच प्रश्न. पाचांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला अकराच येतात. तिसरा नियम रिलियूने वायूंबद्दल सांगितला : न गोठणारे वायू नळ्यांभोवती साचू देऊ नयेत, नाही तर वाफ नळीला टेकतच नाही.

वाचलेल्या १२.४ टन वाफेची किंमत काय? पन्नास टक्के ओलाव्याचा एक टन बगॅस जाळल्यावर सुमारे २.२ टन वाफ मिळते. म्हणजे शंभर टन उसामागे ५.६ टन बगॅस शिल्लक. दररोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात हा बगॅस २८० टन होतो. तो विकता येतो किंवा त्यावर सहवीजनिर्मिती करून वीज देता येते.

येथवर मी शिकत होते. आता माझ्या वाक्याची परीक्षा होती. “समजा,” साहेब म्हणाले, “तुमच्या किडीने सगळ्या कारखान्याच्या रसाचा ब्रिक्स चौदावरून तेरावर आणला.” हे गृहीतक कठोर आहे. एखाद्या फडात असे होईल, साऱ्या कार्यक्षेत्रात सरासरीने होणे म्हणजे संकट. उडवायचे पाणी ८०.५ वरून ८२.२५ टन झाले. पावणेदोन टन जास्त. मी खूश झाले. पण पाचाने भागले की वाढ उरते फक्त ०.३५ टन. आणि पुढे आणखी निराशा होती. रसात घन पदार्थच कमी, म्हणजे १४.७ टनांऐवजी १३.६५ टन, तर पॅनमध्ये उकळायचा मालही कमी. पॅनची गरज त्याच प्रमाणात १८ वरून १६.७ टनांवर आली. सारा हिशेब पुन्हा केला तेव्हा कारखान्याची एकूण वाफ निघाली ३७.० टन. आधीच्या ३७.७ पेक्षा कमी!

किडीने ऊस पोखरला आणि वाफ वाचली? कागदावर तरी तसेच दिसत होते. दहा वर्षे मी जे वाक्य लिहीत होते ते, ज्या मापाने कारखाने वाफ मोजतात त्या मापाने, उलटे होते. चहा थंड झाला होता.

थोड्या वेळाने लक्षात आले की दोष मापात आहे. ‘उसाच्या शेकडा प्रमाणात वाफ’ हे माप ऊस मोजते, साखर मोजत नाही. तीच वाफ घन पदार्थांच्या टनामागे मोजली तर चांगल्या रसाला २.५६ टन लागते आणि पातळ रसाला २.७१ टन, म्हणजे जवळजवळ सहा टक्के जास्त. शिवाय किडका रस नुसता पातळ नसतो, तो कमी शुद्धही असतो. अशुद्ध मालात मळी पुन्हा पुन्हा उकळावी लागते, त्यामुळे पॅनची गरज माझ्या हिशेबाइतकी उतरणार नाही. म्हणजे खरा फरक यापेक्षा मोठा असणार. तरीही एक धडा मिळाला : किडीचा वाईट हंगाम वाफेच्या वहीत काटकसरीचा हंगाम म्हणून नोंदला जाऊ शकतो.

येथून पुढचा भाग माझ्या विषयाचा होता, म्हणून बोलायची पाळी माझी आली. सर्व किडी कारखान्यात एकाच दाराने येत नाहीत. खोडकीड कोवळे कोंब मारते, पोंगेमर करते. तिने मेलेला कोंब मिलपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे तिचे नुकसान टनांत दिसते, रसात नाही. हुमणी मुळे खाते, तेथेही मुख्य घट वजनात. उत्तरेकडे मोठी असलेली शेंडे कीड वाढीचा कोंबच मारते, उसाला बगलफुटवे फुटतात आणि वजनासोबत रसही बिघडतो. पायरिला आणि लोकरी मावा पानांतील रस शोषतात, त्यांच्या मधासारख्या स्रावावर काळी बुरशी चढते आणि पान अन्न तयार करीनासे होते. २००२ मध्ये लोकरी मावा सांगली भागात प्रथम आढळला आणि पाहता पाहता महाराष्ट्र-कर्नाटकात पसरला, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना पांढऱ्या पडलेल्या पानांचे फड आठवत असतील. डिफा ॲफिडिव्होरा आणि मायक्रोमस इगोरोटस या मित्रकीटकांनी त्या संकटात केलेली मदत हा आपल्या जैविक नियंत्रणाच्या इतिहासातील एक चांगला अध्याय आहे.

कांडी किडीची गोष्ट निराळी. ती उभ्या, तयार होत असलेल्या कांड्यांना छिद्रे पाडते आणि तो ऊस मिलमध्ये जातो. छिद्राभोवतीची पेशी लाल होते, साखरेचे विघटन होऊन न स्फटिकणाऱ्या शर्करा वाढतात, आणि त्या शर्करा आपल्यासोबत चांगली साखरही मळीत ओढून नेतात. छिद्र हे दारही असते. त्यातून लाल कुजव्याची बुरशी आत शिरते, आणि तोडणीनंतर ऊस पडून राहिला तर ल्यूकोनॉस्टॉक हे जिवाणूही. ते साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात.

“चिकट म्हणालात ना, तिथेच थांबा,” साहेब म्हणाले. चिकट रस नळीतून सावकाश फिरतो. शेवटच्या बॉडींत, जेथे रस आधीच दाट आणि थंड असतो, तेथे उष्णता नळीतून रसात उतरत नाही. वरून नळ्यांवर क्षारांचा थर चढला तर आणखीच. प्रत्येक बॉडीच्या वाट्याला अकरा अंशच असल्याने थोडा अडथळाही जाणवतो. परिणाम एकच : सिरप ६० ब्रिक्सपर्यंत दाट होत नाही, ५२ वरच बाहेर पडतो.

हा आकडा घालून पुन्हा हिशेब केला. बॉडींत उडालेले पाणी ८०.५ ऐवजी ७६.७ टन. उरलेले ३.८ टन पाणी पॅनमध्ये गेले, जेथे किलोला किलो वाफ लागते. पॅनची गरज २१.८ झाली आणि कारखान्याची एकूण वाफ ४०.० टन. शंभर टन उसामागे २.३ टन वाढ. म्हणजे सुमारे एक टन बगॅस, आणि ५,००० टनी कारखान्यात दिवसाला पन्नास टनांहून जास्त. रस तितकाच गोड, उसाचे वजन तितकेच, फक्त पाच स्वस्त उड्यांऐवजी पाण्याने एक महाग उडी घेतली.

माझा शत्रू येथे लपला होता. मी त्याला ब्रिक्सच्या पहिल्या रकान्यात शोधत होते, तो सिरपच्या ब्रिक्सच्या रकान्यात सापडला.

तरी अतिशयोक्ती नको. नळ्यांवरचा थर मुख्यतः किडीचा नसतो. आपल्याकडे बहुतेक कारखाने सल्फिटेशन पद्धतीने रस स्वच्छ करतात, त्यात चुना आणि गंधक दोन्ही येतात. त्यांचे क्षार आणि उसातील सिलिका मिळून थर बनतो. वाढे आणि पाचट नीट न काढता ऊस आला, त्यासोबत माती आली, की सिलिका वाढते. डेक्स्ट्रानही मुख्यतः शिळ्या उसाचे फळ. तोडलेला ऊस दोन दिवस फडात किंवा गाडीतच राहिला तर कांडी कीड नसतानाही ते तयार होईल. कीड फक्त त्याला आणखी दारे उघडून देते. म्हणून पन्नास टन बगॅसचा सारा आरोप कांडी किडीवर ठेवणारा प्रस्ताव मी लिहिला, तर तो माझ्या पहिल्या वाक्याइतकाच खोटा होईल.

प्रश्न वाटणीचा राहतो, आणि त्याचे उत्तर कागदावर मिळत नाही. ते मिळवायला कारखान्यात आधीच रोज होत असलेल्या नोंदी एकत्र आणाव्या लागतील. सिरपचा ब्रिक्स दर पाळीत मोजला जातो. एक्झॉस्टचा दाब आणि शेवटच्या बॉडीतील निर्वात नोंदले जातात. बॉडी कॉस्टिकने उकळून कधी स्वच्छ केल्या ते लिहिलेले असते. दुसरीकडे आमचे निरीक्षक गटनिहाय कांडी किडीची टक्केवारी मोजतात. ऊस विकास विभागाकडे तोडणीची तारीख असते आणि काट्यावर वजनाची वेळ. या चार वह्या आजवर चार खोल्यांत राहिल्या आहेत. बॉडी स्वच्छ केल्यानंतरच्या पहिल्या चार दिवसांत, म्हणजे थर नसताना, किडका गट गाळलेल्या पाळीत सिरपचा ब्रिक्स घसरतो का, एवढे जरी पाहिले तरी किडीचा वाटा थरापासून बराच वेगळा काढता येईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

सभासद शेतकऱ्याच्या दृष्टीने यात आणखी एक धागा आहे. उसाची रास्त व किफायतशीर किंमत कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्याशी जोडलेली आहे. ज्याने वेळेवर ट्रायकोकार्डे लावली त्याचा चांगला ऊस आणि ज्याने लावली नाहीत त्याचा पोखरलेला ऊस एकाच सरासरीत मोजला जातो. ट्रायकोग्रामा चिलोनिस ही गांधीलमाशीच्या कुळातील, टाचणीच्या डोक्याहूनही लहान कीटक, किडीच्या अंड्यात आपली अंडी घालते आणि अळी जन्मण्यापूर्वीच काम संपवते. पण ती बांध ओळखत नाही. शेजारी नियंत्रण करत नसेल तर तिच्या मेहनतीचे फळ अर्धेच मिळते. कारखान्याने खर्चात वाटा उचलावा ही मागणी त्यामुळे अजूनही रास्त आहे असे माझे मत आहे. कार्यक्षेत्रभर एकाच वेळी कार्डे लावण्याची यंत्रणा फक्त कारखान्याकडे असते. बदलावे लागले ते मागणीचे समर्थन.

बैठकीच्या शेवटच्या दिवशी मी मसुदा नव्याने लिहिला. जुने वाक्य खोडले. त्या जागी असे लिहिले : ‘कांडी किडीमुळे साखरेच्या प्रत्येक टनामागे लागणारी वाफ वाढते. उसाच्या प्रमाणात मोजल्यास ही वाढ दिसत नाही. बाष्पनपात्रांतून बाहेर पडणाऱ्या सिरपच्या ब्रिक्समध्ये ती दिसू शकते, व तिचे प्रमाण ठरवणे हे या प्रकल्पाचे पहिल्या वर्षाचे काम राहील.’ वाक्य लांब झाले आणि आधीच्याइतके जोरकस राहिले नाही. साहेबांना दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचले, आणि ‘दिसू शकते’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. “हे ठेवा,” म्हणाले, “केमिस्ट इथेच तुमच्यावर विश्वास ठेवील.”

प्रस्तावासोबत आता एक तक्ता जोडला आहे. त्यात दर पाळीसाठी सहा रकाने आहेत : गाळलेल्या उसाचा गट, तोडणीपासून गाळपापर्यंतचे तास, कांडी किडीची टक्केवारी, सिरपचा ब्रिक्स, एक्झॉस्टचा दाब आणि शेवटच्या कॉस्टिक स्वच्छतेपासूनचे दिवस. ज्या कारखान्यांचे शेतकी अधिकारी आणि प्रयोगशाळाप्रमुख येत्या गाळप हंगामात हा तक्ता भरू शकतील, त्यांनी या वार्तापत्राच्या संपादकांमार्फत कळवावे. तक्ता भरताना एक विनंती : सिरपचा ब्रिक्स हंगामाची सरासरी म्हणून देऊ नये, पाळीनिहायच द्यावा. सरासरीत आमची कीड पुन्हा हरवते.